खुब्यातल्या गोळ्याचा स्टिकर कुठंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत सांधेबदलावर पानभर लेख आला, कुठला सांधा किती वर्षं टिकतो, किती दिवसांत जिने चढता येतात, फिजिओ किती गरजेची वगैरे सगळं होतं, पण बसवलेला सांधाच सदोष म्हणून उद्या कंपनीने परत मागवला तर पेशंटने काय करायचं यावर एक ओळ नव्हती. म्हणून हे लिहितोय.

आमच्या आईचा खुबा २००९ मध्ये बदलला. २०१८ ला पेपरात जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीच्या एएसआर नावाच्या सदोष खुब्याच्या सांध्याच्या बातम्या यायला लागल्या आणि आमच्या पोटात गोळा आला, कारण तो सांधा बसवत होते ती वर्षंही तीच. आईच्या खुब्यात नक्की काय बसवलंय हे घरात कुणालाच माहीत नाही. वडील असते तर त्यांनी फाईल काढून दिली असती, ते आधीच गेले. डिस्चार्ज कार्डवर फक्त 'टोटल हिप रिप्लेसमेंट, उजवी बाजू' एवढंच, कंपनी नाही, नंबर नाही. हॉस्पिटलात गेलो तर रेकॉर्डवाल्याने मान वर न करता सांगितलं, तीन वर्षांपुढचं आम्ही ठेवत नाही. आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता, डॉक्टरांच्या नियमावलीत कागद तीन वर्षंच जपायचं बंधन आहे. सांधा अंगात पंधरा-वीस वर्षं राहणार आणि त्याचा कागद तीन वर्षं!

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एएसआरची थोडी हकिगत. त्यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, चालताना एकमेकांवर घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण सुटायचे, ते रक्तात उतरायचे, आजूबाजूचं मांस खराब करायचे. इंग्लंडमध्ये सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिथल्या आकड्यांत दिसलं की पाच वर्षांत साधारण १२-१३ टक्के लोकांचं पुन्हा ऑपरेशन करावं लागतंय. ऑस्ट्रेलियात हा सांधा डिसेंबर २००९ मध्येच बाजारातून काढला, जगभरातून मागे घेतला ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर जगात ९३ हजारांच्या आसपास लोकांना बसला होता. अमेरिकेत २०१३ मध्ये कंपनीने सुमारे ८ हजार पेशंटांसाठी जवळपास अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे? महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, मुंबईत पोलिसांत गुन्हा नोंदवला होता हे मान्य, पण केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली ती २०१७ मध्ये, म्हणजे सांधा जगभरातून मागे घेतल्यावर सात वर्षांनी. त्या समितीच्या अहवालातला एक आकडा मला अजून टोचतो. देशात सुमारे ४,७०० जणांना हा सांधा बसवला आणि त्यातल्या ३,६०० च्या आसपास लोकांचा पत्ताच लागत नाही. ही माणसं कुठे पळून गेलेली नाहीत हो, ती असतील आपापल्या घरी, गुडघा दुखतोय की खुबा म्हणत आयोडेक्स चोळत बसलेली. त्यांच्या अंगात काय आहे हे लिहिलेला कागद कुठेच नाही, एवढंच.

आणि कागद नाही तर कायद्यात काय लिहिलंय याला काही अर्थ नाही. समितीने किमान २० लाख भरपाई सुचवली, पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने वय आणि अपंगत्व बघून ३० लाख ते १ कोटी २३ लाखांपर्यंतचं सूत्र काढलं, कंपनीला ते मान्य नव्हतं, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. २०१९ मध्ये तिथे कंपनी ज्यांचं दुसरं ऑपरेशन झालंय अशा ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख द्यायला तयार झाली. चार हजार सातशेतले सदुसष्ट. आणि हे सगळं फक्त त्या एका सांध्यापुरतं, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा उद्या खराब निघाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग सामान्य माणसाकडे उरतं ग्राहक आयोग. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांनाही जबाबदार धरता येतं, त्यासाठी वेगळं प्रकरणच आहे. लोकांना वाटतं कोटीची भरपाई मागायची म्हणजे दिल्ली गाठावी लागणार, तसं नाहीये, कुठल्या आयोगात जायचं हे आपण किती पैसे भरले त्यावरून ठरतं, मागणी कितीची आहे त्यावरून नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणजे सांगलीतल्या माणसाला सांगलीतच. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही. अडचण मुदतीची आहे, दोन वर्षं. उशीर का झाला याचं सबळ कारण दिलं तर आयोग माफ करू शकतो, पण समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढणार. म्हणून कळलं कधी, कसं, त्या तारखेचं पत्र, रक्ताचा रिपोर्ट, सगळं जपा. आणि दुसरं ऑपरेशन होणार असेल तर काढलेला सांधा आम्हाला पाहिजे असं आधीच लेखी द्या, तो पुरावा असतो, कचऱ्यात गेला की संपलं.

आमच्या आईचं पुढे काय झालं ते राहिलंच. शेवटी वडिलांच्या मेडिक्लेमच्या एजंटकाकांकडे माळ्यावर जुनी फाईल निघाली. इम्प्लांटच्या बॉक्समध्ये चिकटवायचे स्टिकर येतात, त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर, म्हणजे कुठल्या खेपेतला माल ते, असतं, क्लेम पास करायला विमा कंपनीला तो लागतोच, त्यामुळे त्याची फिकट झेरॉक्स तिथे होती. आईच्या खुब्यात धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत आहे, एएसआर नाही. सुटलो. पण बघा ना, स्टिकर विमा कंपनीला मिळाला, हॉस्पिटलच्या फाईलला लागला, आणि ज्या बाईच्या हाडात तो सांधा ठोकलाय तिला मात्र नाही.

माझं सरकारकडे मागणं एवढंच आहे की डिस्चार्ज कार्डवर स्टिकर चिकटवल्याशिवाय पेशंटला घरी सोडू नये. त्याला ना बजेट लागतं ना समिती. आणि तुमच्याकडे मागणं, पुढच्या पुरवणीत छोटी चौकट छापा, की ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली नसतील तर आजच लेखी अर्ज देऊन कागद मागा, ७२ तासांत द्यायचं बंधन डॉक्टरांवर आहे. ज्यांची तीन वर्षं उलटलीत त्यांनी विमा एजंटला फोन लावा.

आपला एक नियमित वाचक,
सांगली