खोलीतला मध्यम

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय अव्या,

तुझा मेसेज मिळाला. "नानांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला लागलोय. एक हार्ड डिस्क सांग. टिकाऊ पाहिजे, आवाज नको, आणि फास्ट पाहिजे." लेका, ही डिस्कची चौकशी आहे की वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म? फोनवर सांगायला बसलो असतो तर दुसऱ्या मिनिटाला तू म्हणाला असतास, "बरं बरं, पण कुठली घेऊ?" म्हणून लिहितोय. आता शेवटपर्यंत वाचणं आलं.

आधी तुझा हिशोब करू. चारशेच्या आसपास कॅसेटी आहेत म्हणालास. सगळ्या नव्वद मिनिटांच्या धरू. तू २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर स्टिरिओ घेतोयस, म्हणजे सेकंदाला ५ लाख ७६ हजार बाइट. एका कॅसेटचे झाले साधारण ३.१ जीबी, चारशेंचे सव्वा टीबीच्या आत. साफसूफ केलेली दुसरी प्रत ठेवलीस तरी अडीच टीबी. तेव्हा चार टीबीची डिस्क पुष्कळ झाली. विंडोज ती ३.६४ टीबीच दाखवेल. दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस, त्याने लबाडी केलेली नसते. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढंच.

आता वेगाचं बघ. कॅसेट चालू असताना डिस्कवर सेकंदाला अर्धा-पाऊण एमबी जाणार. साधी, मंद म्हणतात ती डिस्कसुद्धा सेकंदाला शंभर-दीडशे एमबी आरामात लिहिते. म्हणजे रेकॉर्डिंगसाठी वेग हा तुझा प्रश्नच नाही. वेग लागतो तो मशीन सुरू होताना आणि दीड तासाची फाइल उघडून त्यातली खरखर शोधत पुढेमागे उड्या मारताना. त्या उड्यांनाच हार्ड डिस्क दमते. नानांच्या ग्रामोफोनसारखीच तिच्यात तबकडी फिरते आणि वर एक हात असतो. फरक इतकाच की हाताच्या टोकाचं हेड तबकडीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. हवी ती जागा फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये सरासरी साडेपाच मिलिसेकंद, ७२०० च्या डिस्कमध्ये सव्वाचार. हात हलायचा वेळ वेगळाच. एसएसडी म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ही वाट बघणंही नाही. ७२०० ची डिस्क घेऊन तू सव्वा-दीड मिलिसेकंद कमावशील आणि आवाज मात्र घरात आणशील.

आवाजाचं मात्र नीट सांगतो, कारण त्यात तुझ्या कामाची एक गंमत आहे. तू म्हणशील, कॅसेट घेताना माईक कुठे असतो, डेकमधून वायर थेट आत जाते. खरं आहे. पण तू हेडफोन लावत नाहीस, स्पीकरवर ऐकतोस. जुन्या टेपमध्ये विजेची घुंऽऽ बसलेली असते, आपल्याकडच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या दुप्पट १०० ची. ती काढायला तू कान लावून बसणार आणि शेजारच्या डब्यातून दुसरी घुंऽऽ येत असणार. कुठली टेपमधली आणि कुठली टेबलाखालची, हे रात्री अकरा वाजता तुलाही कळायचं नाही. वर संध्याकाळी त्याच खोलीत तंबोरा लावून मुलांची शिकवणी, आणि ती रेकॉर्ड करतोस तेव्हा माईक असतोच.

५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीचा तोल कधीच अगदी शंभर टक्के नसतो, त्यामुळे ती ९० हर्ट्झवर हलकं गुणगुणते. पेटीवर बघ, खालच्या सप्तकातली काळी तीन, जराशी उतरलेली. ७२०० म्हणजे सेकंदाला १२०. नव्वदाला एकशेवीस हे प्रमाण काय झालं? तीनास चार. पहिलीला सा म्हण, दुसरी शुद्ध मध्यम लावते! हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा रात्रपाळीला सर्व्हर रूममध्ये एकटाच हसलो होतो. २०२० साली हौशी लोकांनी याच युक्तीने एक भानगड उघड केली. डब्ल्यूडी, म्हणजे वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या काही मोठ्या डिस्कवर "५४०० क्लास" असं लिहिलेलं होतं. लोकांनी शेजारी माईक ठेवून ध्वनीचा आलेख काढला, तर सूर निघाला १२० चा. कागदावर सा, प्रत्यक्षात मध्यम.

डिस्क नुसती गात नाही, ऐकतेही. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रॅकसमोर उभा राहून जोरात ओरडला, आणि त्याच क्षणी डिस्कचं काम अडखळलेलं आलेखात दिसलं. तेव्हा डिस्क तबल्याच्या शेजारी नको. आणि पत्र्याच्या कॅबिनेटला थेट स्क्रूने आवळलीस तर अख्खं कॅबिनेट तिच्यासाठी भोपळ्याचं काम करतं. तुमच्या मिरजेत हे सांगायला नको. मध्ये रबराचे वॉशर घाल. पण फोममध्ये गुंडाळू नकोस, तापेल.

आता टिकाऊपणा. तुला कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटते म्हणून.

आत्याने म्हटलेली भोंडल्याची गाणी माझ्याकडे होती. चाळीस मिनिटं, स्वयंपाकघरातच घेतलेली, मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आणि तिचं "थांब रे, गॅस बारीक करते." एका लहान एक्स्टर्नल डिस्कवर होती, आणि फक्त तिच्यावरच. चालू डिस्क टेबलावरून वायरीला लटकली, वायर सुटली आणि खाली पडली. उचलून लावली तर टक्... टक्... टक्..., मग बारीक खर्रर्र, मग गप्प. कोणीतरी सांगितलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. मी, अव्या, आयुष्यभर हेच काम करणारा माणूस, भेंडीच्या शेजारी डिस्क ठेवून बसलो. बाहेर काढल्यावर आत पाणी धरलं ते वेगळंच. डेटा काढून देणाऱ्या माणसाने उघडून दाखवली. तबकडी इतकी लखलखीत की तिच्यात माझं तोंड दिसलं, आणि मधोमध राखाडी रंगाची एक गोल रेघ, हेड घासत गेल्याची. "या रेघेतलं काही मिळणार नाही," म्हणाला. आत्या आदल्याच वर्षी गेली होती.

तेव्हापासून "टिकाऊ डिस्क कुठली?" असं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा "कितव्या प्रतीसाठी?" असं विचारतो. बॅकब्लेझ नावाची अमेरिकेतली बॅकअप कंपनी आपल्या लाखो डिस्कचा हिशोब दर तीन महिन्यांनी जाहीर करते. ढोबळ मानाने वर्षाला शंभरातल्या एक ते दोन बंद पडतात. एखादं मॉडेल फारच वाईट निघतं, तेवढं टाळावं. बाकी कंपन्यांवरून भांडणं म्हणजे पुणेरी मिसळ की कोल्हापुरी असला प्रकार. बनवणाऱ्या कंपन्या तरी आता किती राहिल्या? सीगेट, डब्ल्यूडी आणि तोशिबा, संपली यादी. खोक्यावर "दहा लाख तास" असा आकडा दिसेल. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं, पण तुझी डिस्क तेवढी जगेल असा त्याचा अर्थ नाही. हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर नऊएक जातील, एवढंच कंपनी सांगते. त्या नऊत तुझी असली तर तुझ्यापुरते शंभर टक्के.

आणि सांगून जाईल असंही धरू नकोस. गूगलने २००७ मध्ये आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. उलट, जिने एकदा इशारा दिला तिचं काही खरं नव्हतं. म्हणून डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम टाकून ठेव, महिन्यातून एकदा बघ. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) हे दोन आकडे शून्याचे हलले की त्याच दिवशी डिस्क बदलायची. "बघू आठवडाभर" नाही.

तर तुझ्या तीन मागण्या मी एका खोक्यात भरणार नाही. मशीनच्या आत घे एक टीबीची एसएसडी. ना आवाज ना वाट बघणं. तुझ्या बोर्डावर लांबट पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी बसत असेल तर ती, नाहीतर वायरने जोडायची साटावाली, तुला कानाने फरक कळणार नाही. टीएलसी चिप (एका कप्प्यात तीन बिट) असलेलीच माग, क्यूएलसी (एका कप्प्यात चार, लवकर झिजणारी) नको. सॅमसंगची ८७० इव्हो घेतलीस तर तिच्या एक टीबीला ६०० टीबी लिहून होईपर्यंत किंवा पाच वर्षं, जे आधी होईल तोवर हमी आहे. तुझा अख्खा संग्रह दहा वेळा लिहिलास तरी बारा-तेरा टीबी. झिजायची काळजी नको. फक्त एसएसडी भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची नाही, तिच्यातला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो.

कपाटासाठी दोन हार्ड डिस्क, चार-चार टीबीच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. सीगेटची आयर्नवुल्फ एक आणि डब्ल्यूडीची रेड प्लस एक. दोन्ही संथ फिरणाऱ्या आहेत का ते मॉडेल नंबरावरून बघ. "रेड" आणि "रेड प्लस" यात गल्लत करू नकोस, इथेच लोक फसतात. नुसत्या रेडमध्ये माहिती कौलांसारखी लिहितात, एका ओळीवर दुसरी ओळ थोडी चढवून. जागा वाचते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरच्या ओळी उचलाव्या लागतात, तुझ्या आजोळच्या घरावर चढून आपण फोडून ठेवली होती ती कौलं आठव. मोठी कॉपी लावली की सुरुवातीला भरधाव आणि मग बैलगाडी. आधी कंपनीने हे सांगितलंच नव्हतं, २०२० मध्ये ओरड झाली तेव्हा यादी जाहीर केली आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कना "प्लस" लावलं. त्या जुन्या, ओळी न चढवणाऱ्या पद्धतीला सीएमआर म्हणतात. दुकानात "सीएमआर आहे का?" एवढंच विचार. दुकानदार गोंधळला तर मला फोटो पाठव. तयार एक्स्टर्नल डिस्क घेऊ नकोस, आत काय कोंबलंय ते कळत नाही. सुटी डिस्क आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला डॉक घे, म्हणजे डिस्क खोचून कॉम्प्युटरला जोडायचा ठोकळा.

नवी म्हणून जुनी गळ्यात मारणारेही आहेत. मलाही इथल्या एका दुकानाने मारली होती, सीलबंद पिशवीत, आणि चालवल्याचे तास अकरा हजार. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत तर वापरलेल्या सीगेट डिस्क तास शून्यावर आणून विकल्याचं उघड झालं. म्हणून घेतल्या दिवशीच सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून हमी कधीपर्यंत आहे ते बघ. मग फॉरमॅट करताना "क्विक" वरची खूण काढ. चार टीबीला सात-आठ तास लागतील, रात्री लावून झोप. कमजोर डिस्क पुष्कळदा त्या पहिल्या रात्रीतच कण्हायला लागते. तेव्हा बदलून मिळते, सहा महिन्यांनी दुकानदार ओळखही देत नाही.

रविवारी संध्याकाळी एक डिस्क डॉकला लावायची, आठवड्याचं काम चढवायचं, काढून कपाटात. पूर्ण झालेल्या फाइली फ्लॅकमध्ये कर, म्हणजे आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात. जागा निम्म्याच्या आसपास लागते, आणि त्यात मूळ आवाजाची खूणगाठ साठवलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनीही फाइल शाबूत आहे का ते तपासता येतं. दुसरी डिस्क तुझ्या घरात नको. ती माझ्याकडे राहील, देवघराच्या वरच्या फळीवर. दिवाळीला येशील तेव्हा अदलाबदल करू. सांगली-मिरजेला २०१९ चा पूर आठवतोय ना? दोन प्रती एकाच कपाटात म्हणजे एकच प्रत.

डिस्क आली की पहिल्या रात्री खोलीतला पंखा बंद कर, पेटी काढ आणि काळी तीन धर. फोनवर मला ऐकवायला जाऊ नकोस, असला सलग घुंकार फोन गाळूनच टाकतो. तुझ्या कानाने बघ आणि कळव. मध्यम लागला तर परत कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. नानांना म्हणावं, कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायला लवकरच येतो, त्यांचं अक्षर तुला लागत नाही.

तुझा,
मिल्या

ता. क. वहिनी माहेरी भोंडल्याची गाणी म्हणायच्या ना? तुझा माईक लावलेलाच आहे. विचारून बघ. कुकर चालू असला तरी चालेल.