सावलीचं कापड सोलापुरातच विणू या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चौक सुशोभीकरणाची बातमी आली की पुढे काय उभं राहणार हे आपल्या शहरात आधीच ठाऊक असतं. फायबरची शिल्पं, रंगीत दिवे, एखादं कारंजं. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा तिथे रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईला यातल्या कशाचाच उपयोग नसतो. माझी मागणी अशी की, येत्या उन्हाळ्यात एक चौक वास्तुविशारद, कलावंत आणि विणकर यांच्या हाती सोपवावा. त्यांनी तिथे पावसाळ्यापर्यंत टिकेल अशी कापडी सावली उभारावी आणि ते कापड इथल्याच मागांवर विणलेलं असावं.

हे काही जगावेगळं नाही. स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात बाजाराच्या गल्ल्यांवर कापड ताणतात. बर्लिनची राइशस्टाग ही संसदेची इमारत ख्रिस्तो आणि जान-क्लोद या दांपत्याने १९९५ मध्ये सुमारे एक लाख चौरस मीटर कापडात दोन आठवडे गुंडाळून ठेवली होती. पण मला जवळचं वाटतं ते जॅनेट एकलमन यांचं काम. या अमेरिकन चित्रकर्ती १९९७ मध्ये महाबलीपुरमला आल्या. मागवलेले रंग पोहोचलेच नाहीत. किनाऱ्यावरची कोळ्यांची जाळी पाहून त्यांनी त्याच कोळ्यांच्या मदतीने जाळ्यांची शिल्पं केली. आज त्यांची अवाढव्य जाळी मोठमोठ्या शहरांत इमारतींना बांधून रस्त्यांवर तरंगतात. मग पूर्व भागातल्या विणकरांचं कसब सोलापूरच्या रस्त्यावर का येऊ नये? चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण शहराच्या बांधकामात तिचा मागमूस नाही.

आमच्या घरातल्या दोन पिढ्या मागावर राबल्या, म्हणून हे सांगते. चादरीवर मोर उतरतो तो जॅकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्राच्या, पत्त्यांमुळे. पुठ्ठ्याच्या प्रत्येक पत्त्यावर भोकं असतात. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. ही पत्त्यांची माळ उजेडासमोर धरा, जमिनीवर कवडशांची नक्षी पडते. तीच भोकं मोठ्या पत्र्यात कापली तर थांब्याची भिंत तयार होईल. ऊन अडेल, वारा खेळेल, आणि मोराची नक्षी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगावरून सरकेल. वास्तुरचना आणि कलाकृती एकाच भिंतीत, आणि तिचं मूळ आपल्या कारखान्यातलं!

वळवाच्या वाऱ्याचं काय, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. सलग कापड शिडासारखं फुगून खांब उपटू शकतं. विरळ, जाळीदार विणीतून बराच वारा निघून जातो आणि ताण कमी होतो. म्हणून वीण किती विरळ हवी हे विणकर आणि अभियंता यांनी एकत्र बसून, नमुने ताणून ठरवायला हवं. घाईच्या वेळी दोर सोडून कापड झटपट उतरवता आलं पाहिजे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दर जानेवारीत जे नगर उभं राहतं आणि उतरतं, ते उभारणाऱ्या मंडपवाल्यांनाही या कामात घ्यावं.

निधी सुशोभीकरणाच्या तरतुदीतूनच द्यावा. विणकराला मजुरी नव्हे, रचनाकाराचा मोबदला मिळावा आणि फलकावर त्याचं नाव वास्तुविशारदाच्या बरोबरीने लागावं. आपल्या दैनिकाने वास्तुकलेचे विद्यार्थी आणि यंत्रमागधारक यांची एक बैठक बोलवावी, ही विनंती. सावली नसलेले चौक कोणते, हे वाचक कळवतीलच.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर