लघवीच्या त्रासाबद्दल, आणि आई, थोडं तुझ्याबद्दलही

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आईने विचारलं, "लघवीला अजून दुखतंय का गं?" खोलीत चार माणसं होती, मी "बरंय" म्हणून विषय मिटवला. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्हीही वाचा, उठून जाऊ नका.

आई, तू म्हणालीस, बाळंतपणानंतर हे चालायचंच. पण दुखण्याची कारणं वेगवेगळी असतात, हे आता मला कळलंय. सुरुवातीला झोंबायचं ते टाक्यांमुळे. लघवी जखमेला लागली की आग व्हायची. वरून कोमट पाणी ओतत लघवी केली की निभायचं. नंतरची जळजळ मात्र आतली होती. सारखी घाई, गेलं की चार थेंब, ओटीपोटात कळ. बाळंतपणाच्या कळा चालू असताना लघवीसाठी नळी घातली होती. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, त्यामुळे जंतू मूत्राशयात सहज पोहोचतात. लघवी तपासली, तर संसर्ग निघाला. अंगावर पाजताना चालणारं औषध दिलंय, ते पूर्ण घेतेय. यात थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत, पाठीत दुखलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

प्रसूतीनंतर नर्स सारखी विचारायची, लघवी झाली का, किती झाली? मी वैतागले होते. पण पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनाने मूत्राशय भरल्याचं कळतच नाही, आणि त्या दिवसांत अंगातलं साठलेलं पाणी उतरत असल्याने ते भरतंही भराभर. ६ तासांत लघवी झाली नाही तर बघावंच लागतं. फार ताणलं गेलं की मूत्राशय आकसायचं विसरतं. थोडीथोडी होत राहते, म्हणून बाईला वाटतं सगळं ठीक आहे, आणि आत तुंबलेलंच असतं. सोनोग्राफीत ते लगेच दिसतं.

बद्धकोष्ठानेही मूत्राशयावर दाब येतो. आणि पाजत असताना इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी असल्याने तिथली त्वचा कोरडी पडते, जंतू नसतानाही चुरचुरतं. "पाणी कमी पी" हा तुझा सल्ला तेवढा मी ऐकणार नाही. लघवी दाट झाली की जास्तच जळते.

आता तुझं. खोकला आला की लघवी गळू नये म्हणून तू पाय आवळून उभी राहतेस. लांबच्या प्रवासाला नको म्हणतेस. आम्हाला वाटायचं, तुला हौस नाही. बाळंतपणात सैल पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि पाळी गेल्यावर पुन्हा कमी झालेलं इस्ट्रोजेन, दोन्ही तुझ्या वाट्याला आलंय. त्यावर उपाय आहे, या वयातही. सुटणारा वारा अडवल्यासारखे ते स्नायू आत ओढायचे, सोडायचे; एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान ३ महिने. लघवी मध्येच अडवून मात्र सराव करायचा नाही. आधी फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घे, कारण पुष्कळ बायका ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात.

बाबा, स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ तुम्हीच घ्या, ती घेणार नाही. जायच्या आधी आईने ३ दिवस लिहून ठेवावं: किती वाजता गेली, किती झाली, कधी गळलं. डॉक्टर तेच आधी विचारतील. तारीख ठरली की मला कळवा.

तुमची,
लेक