केबलवाल्या दादांना, जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं कौतुक करायला ऑफिसात फोन केला, तर "आमच्याकडे चार लाइनमन आहेत, त्यातले कोणते?" असं विचारलं. तुमचं नाव विचारायचं माझ्याकडून राहिलंच होतं. म्हणून हे उघड पत्र.

विंडोज ७चे अपडेट २०२०च्या जानेवारीत बंद झाले, तरी मी ते दोन वर्षं रेटलं. शेवटी भाच्यानं विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. त्यानंतर तुमच्याकडचं केबल इंटरनेट घेतलं. जोडायला आलेल्या मुलानं स्वतःच्या लॅपटॉपवर नेट चालवून दाखवलं, सही घेतली आणि गेला. मी तीच लॅन केबल माझ्या कॉम्प्युटरला लावली. पोर्टचा हिरवा दिवा लागला, मोडेमचेही सगळे दिवे जागच्या जागी. पण पडद्यावर पाऊण मिनिट चक्र फिरायचं आणि कनेक्शन फेल.

ऑफिसचं उत्तर ठरलेलं: "लिनक्स आहे ना? मग नाही चालत, काका." पाच दिवस मी ते खरं मानलं. भाच्याला फोनवर बोलूनही घेतलं. बिचारा!

तुम्ही आलात आणि लिनक्सचं नावही काढलं नाहीत. फक्त विचारलंत, "टेस्टिंगला कुठलं मशीन लावलं होतं?" मी लॅपटॉपचं सांगितल्यावर हसलात. "मॅक बाइंड झालाय त्याचा." मग समजावलंत: प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, त्यालाच मॅक म्हणतात, तुमच्या सर्व्हरवर त्या पोराच्या लॅपटॉपचा नंबर चढला होता, आणि माझं मशीन कितीही वेळा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, मागत राहिलं तरी सर्व्हरच्या लेखी ते परकंच. विंडोजचं दुसरं मशीन लावलं असतं तरी हेच झालं असतं.

लिनक्समध्ये तो नंबर कुठे दिसतो ते तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते मला येत होतं. टर्मिनल उघडून 'आयपी लिंक' टाइप केलं, नंबर आला. तुम्ही तो फोनवर ऑफिसला वाचून दाखवलात: "बी बारामतीचा, डी दादरचा, एफ फलटणचा." फलटणचं इंग्रजी स्पेलिंग 'पी'नं सुरू होतं, हे मी तेव्हा बोललो नाही. पलीकडच्याला बरोबर कळलं होतं, मग कशाला! मोडेम बंद-चालू केलात आणि दोन मिनिटांत नेट आलं. पैसे घेतले नाहीत, पोहे मात्र घेतलेत.

जाताना म्हणालात, "नंबर वहीत लिहून ठेवा, काका." त्याचा उपयोग यंदाच्या मे महिन्यात झाला. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट गेलं. यूएसबीचं अडॅप्टर आणलं. त्याचा नंबर अर्थातच वेगळा, म्हणजे पुन्हा तेच चक्र. या वेळी ऑफिसला फोन केला नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये 'क्लोन्ड मॅक ॲड्रेस' असा रकाना असतो, तिथे वहीतला जुना नंबर भरला, कनेक्शन बंद करून चालू केलं. सर्व्हरला वाटलं, जुनेच काका आहेत.

एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तक्रारवहीत तुम्ही 'लिनेक्स – चालू' असं लिहिलं होतंत. ते पान ऑफिसात फोन उचलणाऱ्यांना एकदा दाखवाल का?

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा पोहेवाला काका