रात्रीच्या फोटोखाली तिथी आणि वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्रीच्या निसर्गदृश्यांचे फोटो अलीकडे पुरवण्यांतून आणि प्रदर्शनांतून वरचेवर दिसू लागले आहेत. चित्रकार आबालाल रहिमान यांनी जिथे रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांची निसर्गचित्रे रंगवली, त्या आपल्या कलापुरात, कोल्हापुरात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. माझी विनंती एवढीच, की असा फोटो छापताना छायाचित्रकाराच्या नावाखाली तिथी, वेळ, शटर किती सेकंद उघडे होते आणि फोटो एकच आहे की अनेक जोडून केलेला, ही एक ओळ द्यावी.

मागे शहरातल्या एका स्पर्धेत रंकाळ्यातल्या संध्यामठावर लखलखती आकाशगंगा दाखवणाऱ्या फोटोला बक्षीस मिळाले. खाली लिहिले होते, ‘डिसेंबरची रात्र’. आकाशगंगेचा ठळक गाभा धनू राशीकडे आहे आणि डिसेंबरात सूर्यच त्या बाजूला असतो, त्यामुळे त्या महिन्यातल्या कोणत्याही रात्री तो दिसणे शक्य नाही. शिवाय रंकाळ्याभोवतीच्या दिव्यांत इतकी आकाशगंगा उमटणे अवघडच. परीक्षकांना विचारले, तर “चित्र सुंदर आहे ना?” असे उत्तर आले. सुंदर होतेच, त्याबद्दल वाद नाही.

मी सोवळेपणा सांगत नाही. अमेरिकन छायाचित्रकार अन्सेल ॲडम्स यांच्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाच्या प्रसिद्ध फोटोत आकाश काळेभोर दिसते, पण तो टिपला तेव्हा सूर्य मावळायचा होता. आकाश त्यांनी डार्करूममध्ये छापताना गडद केले. विशेष म्हणजे त्यांनी तारीख लिहून ठेवली नव्हती. पुढे चंद्राच्या स्थानावरून हिशेब मांडून खगोल अभ्यासकांनी ती १ नोव्हेंबर १९४१ ठरवली. म्हणजे कलावंताने हात फिरवला तरी खरा चंद्र साक्षीला होता. दोन ठिकाणची, दोन ऋतूंची आकाशे आणि जमिनी जोडल्या की ही साक्षच पुसली जाते.

उलट, जे खोटे वाटते ते पुष्कळदा खरे असते. पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे ४ लाख पट मंद असते. एवढ्या उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, पण शटर पुरेसे उघडे ठेवले तर कॅमेऱ्याला गवत हिरवे आणि आकाश निळे दिसते. खाली ‘पौर्णिमा, ३० सेकंद’ एवढे लिहिले असेल, तर बघणारा त्याला उगाच संगणकाची करामत म्हणणार नाही.

चैत्र अमावास्येला मी पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर होतो. वारा एवढा, की ट्रायपॉड हलू नये म्हणून पिशवीत जांभ्याचे दगड भरून ती मधल्या दांड्याला टांगावी लागली. २० मिलिमीटरच्या लेन्सने साधारण २५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर पृथ्वीच्या फिरण्याने तारे रेघाटतात, त्यामुळे प्रत्येक वेळी २० सेकंदांवर थांबायचे आणि पुन्हा सुरुवात करायची. दोन फोटो लांबून आलेल्या मोटारसायकलच्या दिव्याने वाया गेले. आकाशगंगेचा गाभा आग्नेयेकडून वर आला आणि कोल्हापूरही पठारावरून साधारण त्याच अंगाला असल्याने क्षितिजावर पिवळट उजेडाचा डाग राहिला. घरी बसून तो पुसण्याचा मोह झाला, दोनदा पुसूनही पाहिला; पण मग ते आकाश मसाईवरचे राहिना, कुठलेही झाले.

फ्रेमखाली मी चिठ्ठी लावली आहे ती अशी: ‘मसाई पठार, चैत्र अमावास्या, रात्री १ वाजून ४० मिनिटे, २० सेकंद, एकच फोटो. डावीकडचा उजेड कोल्हापूरचा.’

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर