वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झाकण उघडायचं, थोडा वेळ थांबायचं, वास कमी झाला की माणूस आत उतरवायचा. सेप्टिक टँक उपसताना, ड्रेनेजचं चेंबर साफ करताना हीच रीत मी नाशिकमध्ये अनेकदा पाहिली आहे. अलीकडेच आमच्या इंदिरानगरमध्ये एका सोसायटीबाहेर एक तरुण कामगार मला म्हणाला, “मावशी, मघाशी लई वास होता, आता काहीच नाही. आता उतरतो.” मी त्याला उतरू दिलं नाही. पण त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच वास येत नव्हता, आणि भीती नेमकी त्याचीच आहे.

मी सातपूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले. अशा टाक्यांत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूशी ओळख त्याच्याही आधीची, बी.एस्सी.ला किपच्या उपकरणातून हा वायू काढायचो तेव्हाची. सडक्या अंड्यांचा वास. वर्गात शिरताना जीव नकोसा व्हायचा आणि थोड्याच वेळात कुणालाच काही जाणवत नसे. बाहेरून एखादे सर आले की तेच नाकाला रुमाल लावायचे.

असं का होतं, हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला काही चौरस सेंटिमीटरचा ओलसर पडदा असतो आणि त्यात वास घेणाऱ्या लाखो मज्जापेशी. माणसाकडे वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत, आणि साधारणपणे एका पेशीवर एकच प्रकार असतो. कोणत्या पेशी एकत्र जाग्या झाल्या यावरून मेंदू मोगरा वेगळा आणि हिंग वेगळा ओळखतो. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ मध्ये या ग्राहींची जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

वासाचा रेणू ग्राहीला चिकटला की पेशीतल्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि मेंदूकडे संदेश जातो. पण तेच कॅल्शियम त्या वाहिन्यांना मंदही करतं. वास तसाच राहिला तर पेशीचा प्रतिसाद झपाट्याने उतरतो. त्यावर मेंदूही ‘हे कळलंय, पुढे चला’ म्हणून तो वास बाजूला सारतो. निसर्गाने ही सोय शहाणपणाने केली आहे; जुन्या वासात अडकून पडलो तर नवा वास कळणार कसा? म्हणूनच आपले शेतकरी सकाळी कांद्याच्या चाळीत पाऊल टाकताच सडका कांदा ओळखतात, आणि दिवसभर तिथेच निवड करणाऱ्या बायांना तो वास जाणवेनासा होतो. गोदावरीच्या गंगाघाटावर रोज वावरणाऱ्याला नदीचा वास येत नाही, पंचवटीत नुकत्याच उतरलेल्या यात्रेकरूला येतो. नाक बदल सांगतं. हवेत किती वायू आहे हे मोजायचं काम त्याचं नव्हेच.

टाकीतली गोष्ट याहूनही वाईट आहे. हायड्रोजन सल्फाइड अगदी कमी असेल, एक पीपीएमहूनही (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) कितीतरी खाली, तरी नाकाला कळतो. शंभर पीपीएमच्या आसपास मात्र वासाची जाणीवच काही मिनिटांत बधिर होते. ही नेहमीची सवय नव्हे, विषारी वायू इथे वासाची यंत्रणाच बंद पाडतो. प्रमाण वाढत असतं आणि नाक सांगत असतं की वास गेला. पाचशेच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांतच. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. वरून हुंगून तळाचा अंदाज येत नाही, आणि आत उतरून गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. मग पहिला का पडला म्हणून दुसरा उतरतो आणि तोही पडतो. एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपल्याच वर्तमानपत्रात येतात. त्या वाचताना माझ्या पोटात तुटतं.

शिवाय टाकीत मिथेन असतो आणि त्याला वासच नाही. पेटती काडी किंवा कंदील सोडून पाहणारेही आहेत. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला तर त्या काडीनेच स्फोट होतो. (घरातल्या सिलिंडरच्या वायूला जो वास येतो तोही मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. १९३७ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत बिनवासाचा वायू साठून स्फोट झाला, सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळणं सक्तीचं झालं.)

कायदा नाही असंही नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास १० लाख रुपये भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. मला तो तरुण जिवंत घरी जायला हवा आहे.

सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो भाविक येतील, तात्पुरती शौचालयं उभी राहतील, टाक्या भरतील आणि त्या घाईघाईने उपसाव्या लागतील. ठेके देतानाच महापालिकेने अट घालावी: उपसा यंत्रानेच होईल, आणि प्रत्येक पथकाकडे चार वायूंचा मीटर असेल. हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, ज्वलनशील वायू आणि ऑक्सिजन दाखवणारा हा मीटर हातात मावतो. तो दोरीने तळापर्यंत सोडून वाचन घ्यायचं, नुसतं तोंडाशी धरून नव्हे, आणि काम चालू असेपर्यंत चालू ठेवायचा. विभागीय कार्यालयात असे मीटर सोसायट्यांना भाड्याने मिळाले तर फारच बरं.

सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांनाही माझं हात जोडून सांगणं आहे. टाकी उपसायला माणसं आली की दरावर घासाघीस करण्याआधी मीटर आणि सक्शनची गाडी आहे का, ते विचारा. नसेल तर काम थांबवा. आत कुणी कोसळलेलं दिसलं तर मागोमाग कुणालाही उतरू देऊ नका, लगेच १०१ वर अग्निशमन दलाला कळवा आणि लोकांना झाकणापासून लांब ठेवा.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक