बाजूला ठेवलेल्या कोऱ्या काचांबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

माझ्या आईला तुम्ही कधी पाहिलेलं नाही. तिच्या फुफ्फुसातून सुईने काढलेले धाग्याएवढे तीन तुकडे मात्र तुमच्या हाताखालून गेले.

आईचं वय सत्तेचाळीस. तिने कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. खोकला जाईना म्हणून गावाकडे चार महिने टीबीच्या गोळ्या चालल्या, थुंकीत जंतू सापडले नसतानाही. ते चार महिने अजून सलतात. शेवटी बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, निघाला, चौथी स्टेज. ज्या जीनमधल्या बदलांवर गोळ्या आहेत, त्यांपैकी ईजीएफआर निगेटिव्ह, एएलके निगेटिव्ह. केमोची तारीखही ठरत आली होती.

मी रिपोर्ट न्यायला लॅबमध्ये आले, तेव्हा तुम्ही स्वतः बाहेर येऊन वय विचारलंत, तंबाखूचं विचारलंत आणि म्हणालात, "रॉस-वन जीन बघायचं राहिलंय. चार दिवस थांबता येईल का, तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते."

तुकडे मेणात बसवलेला ब्लॉक तर संपत आलाय, असं मला सांगितलेलं होतं. तेव्हा तुम्ही समजावलंत, की मेणातला ब्लॉक दर वेळी मशीनवर नव्याने लावला की पातळी जुळवतानाच थोडा तुकडा वाया जातो. म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही जास्तीचे काप काढून, रंग न देता, कोऱ्या काचांवर ठेवून दिले होते. कुणी सांगितलं नव्हतं, मॅडम. त्या काचा नसत्या तर आईला पुन्हा सुई टोचावी लागली असती आणि तेवढी ताकद तिच्यात नव्हती.

जीन तुटलंय का ते चमकत्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या फिश टेस्टचा फोटोही दाखवलात. एरवी जोडीने दिसणारे लाल-हिरवे ठिपके इथे फुटून लांब गेलेले. पन्नास पेशी मोजल्या, तर एकतीसमध्ये तसंच. शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णात सापडणारा हा बदल, पण त्यावर गोळी आहे.

क्रिझोटिनिब 250 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. दीड महिन्यात आई उशी न लावता आडवी झोपू लागली. अंधारातून उजेडात आलं की डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा सरकतात म्हणते. गोळीमुळे तसं होतं, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही. आजार मुळापासून गेलेला नाही, हेही आम्हाला माहीत आहे.

यंदा तिने गच्चीवर बसून कुरडया घातल्या. एक डबा तुमच्या नावाने बाजूला काढलाय. पुढच्या स्कॅनला येऊ तेव्हा ती स्वतः आणून देणार आहे.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी